सायकॉलॉजी शिकलेल्या माणसाचं प्रॉडक्ट डिझाइनमध्ये खरंच काही काम असतं का?

तुमचा प्रश्न असा: सायकॉलॉजीत एम.ए. झालंय, यूएक्समध्ये (म्हणजे वस्तू किंवा ॲप वापरणाऱ्याला सोपं जाईल असं डिझाइन करण्याच्या कामात) शिरायचंय, तर डिझाइनला लागणारे मानसशास्त्राचे नियम कोणते आणि कोर्स कुठला करावा. एवढंच असतं तर मी वाचून पुढे सरकले असते. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, "घरचे म्हणतात हे सगळं कॉमन सेन्स आहे, त्यात शिकायचं काय?" हे वाक्य मी आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात जेवताना इतक्यांदा ऐकलंय की आता राहवत नाही.

आधी नियमांचं उरकते. हिक 1952 (पर्याय जितके जास्त, तितका निवडायला वेळ जास्त), फिट्स 1954, मिलर 1956. ही नावं कुठेही मिळतील, एका दुपारचं काम आहे. त्यातल्या मिलरच्या 'सात'चा लोकांनी पार चोथा केलाय. "मेनूत सातच्या वर पर्याय ठेवू नका, मिलरने सांगितलंय." मिलर सांगत होता की एकदा ऐकलेल्या-पाहिलेल्या गोष्टी डोक्यात एका वेळी साधारण किती राहतात. मेनू तर डोळ्यांसमोर असतो, तो पाठ कोण करतं? एका स्क्रीनवरचा नंबर लक्षात ठेवून दुसऱ्या स्क्रीनवर टाकायला लावताय, तेव्हा मिलर आठवा. आणि "निळा म्हणजे विश्वास, लाल म्हणजे भूक" असले तक्ते घोकून जो मुलाखतीला येतो त्याला मी चहा पाजून परत पाठवते. फिट्स मात्र कामाचा: बटण जितकं लहान आणि जितकं लांब, तितका त्यावर नेमकं बोट टेकायला वेळ जास्त. हातात ओले रबरी ग्लोव्हज असतील तर हा नियम पुस्तकातून उठून अंगावर येतो. ते कसं, ते सांगते.

मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) एका छोट्या कंपनीत होते. नाव सांगत नाही, शेठ अजून भेटले की आपुलकीने विचारपूस करतात. आम्ही ऑटोक्लेव्ह बनवायचो, दवाखान्यातली अवजारं वाफेने निर्जंतुक करणारं टेबलावरचं मशीन. नुसत्या उकळत्या पाण्याने काही जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत, म्हणून बंद भांड्यात दाब वाढवून वाफ 121 अंशांवर न्यायची आणि तिथे किमान 15 मिनिटं धरून ठेवायची. 134 वर नेली तर 3 मिनिटं पुरतात. म्हणजे खरं काम धरून ठेवण्यात आहे, पोचण्यात नाही.

मला घेतलं होतं ते डिझाइनसाठी नव्हे. तक्रारी यायच्या की ट्रे ओला निघतो, अवजारांच्या पाकिटावर वाफेने काळी होणारी खुणेची टेप असते, तिच्या रेघा नीट काळ्या होत नाहीत. सर्व्हिसवाला जायचा, मशीन लावायचा, पूर्ण सायकल होईपर्यंत शेजारी बसायचा. सगळं व्यवस्थित. रिपोर्टवर लिहून यायचा, 'नो फॉल्ट फाउंड, युजर एरर'. असे रिपोर्ट साठले तेव्हा शेठना वाटलं की दवाखान्यातल्या आयाबेनना समजावायला एक बाई हवी, आणि सायकॉलॉजीवाली असली तर बरंच. म्हणजे माझी नेमणूकच मुळी आयांना दुरुस्त करायला झाली होती.

पहिल्यांदा मला कारेलीबागेतल्या एका नर्सिंग होममध्ये पाठवलं. मी ठरवलं की आधी शिकवायचं नाही, नुसतं कोपऱ्यात स्टुलावर बसायचं. तिथल्या बेननी ट्रे आत सरकवला, दाराचा खटका लावला, स्टार्ट दाबलं. ओल्या ग्लोव्हजमुळे पहिल्यांदा बोट दोन बटणांच्या मध्येच पडलं, मग अंगठ्याने दाबलं. (फिट्स!) आणि त्या निघून गेल्या, बेसिनवर सिरिंजचे ट्रे घासत बसल्या. मशीन तापत 121 ला पोचलं आणि बझर वाजला. बेन पदराला हात पुसत आल्या, डिस्प्लेकडे ढुंकूनही न बघता स्टॉप दाबला. वाफ फुस्स करून सुटली, त्यांनी समाधानाने मान हलवली आणि दार उघडायची वाट बघत उभ्या राहिल्या.

पंधरा मिनिटं धरून ठेवायची होती, त्यातलं एकही मिनिट झालं नव्हतं.

मी विचारलं, बंद का केलंत? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की ही कुठल्या गावची. "बेन, वागे एटले बंध ज करवानुं ने. आ कूकर ज छे ने!" वाजलं की बंदच करायचं, हा कुकरच तर आहे.

आणि गंमत म्हणजे त्यांचं बरोबर होतं. ऑटोक्लेव्ह आणि कुकर एकाच घराण्यातले. पापँने 1679 मध्ये दाबाखाली हाडं शिजवायचं भांडं केलं, चेंबरलँडने 1879 मध्ये तेच तत्त्व निर्जंतुकीकरणाला वापरलं. बेन उभा जन्म कुकर वापरत आलेल्या. आवाज झाला म्हणजे शिजलं, गॅस बंद. वर वाफ सुटल्याचा आवाज येतो तो म्हणजे पक्की पावती. मशीन त्यांना दोन वेळा सांगत होतं की तुमचं बरोबर आहे. इतकं ठणकावून चुकीचं शिकवणारं मशीन असताना मी तिथे जाऊन काय शिकवणार होते?

बझर तिथे का होता? आमच्या चीफ इंजिनिअरना वाटलं होतं की तापमान गाठलं हे कळवणं सौजन्याचं आहे. इंजिनिअरच्या डोक्यात 121 ला पोचणं हा मोठा टप्पा, कारण हीटर, सेन्सर, व्हॉल्व्ह सगळ्यांची परीक्षा तिथे लागते. आणि पोचल्यानंतर डिस्प्ले काय दाखवायचा? 121. मग पुन्हा 121. पूर्ण वेळ 121. आत सगळ्यात महत्त्वाचं काम चाललंय आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मशीन अडकलंय किंवा संपलंय.

माझ्या आधी यावर दोन उपाय झाले होते. एक, लाल स्टिकर: सायकल पूर्ण होण्याआधी स्टॉप दाबू नये. इंग्रजीत. मग गुजरातीत. वाफेने दोन्ही सुटले. दुसरा उपाय त्याहून थोर: बझर जास्त वेळ आणि मोठ्याने वाजवायचा, म्हणजे बाईंचं लक्ष जाईल आणि त्या डिस्प्ले वाचतील. झालं असं की बायका जास्त लगबगीने येऊन स्टॉप दाबायला लागल्या.

मी परत येऊन सांगितलं की 121 ला मशीनने तोंड बंद ठेवायचं. तिथून डिस्प्लेवर उरलेली मिनिटं उलटी मोजत दाखवायची. बझर फक्त अगदी शेवटी, दार उघडता येईल तेव्हा. नवा पार्ट एकही नाही, कंट्रोलरमधला प्रोग्रॅम बदलायचा. मीटिंगमध्ये जो गोंधळ झाला! "डॉक्टरांना टेम्परेचर दिसायला हवं." मी म्हटलं, डॉक्टर त्या खोलीत येतात कधी? शेवटी तडजोड झाली की एक बटण दाबलं की तापमान दिसेल. कोणीतरी सुचवलं की स्टॉप पाच सेकंद दाबून धरल्याशिवाय चालूच नये. त्याला मी कडाडून विरोध केला. वाफेच्या मशीनचं स्टॉप घाबरलेल्या माणसाने एका थपडेत बंद करता आलं पाहिजे. माणूस नको तेव्हा बटण दाबतोय तर तो का दाबतोय ते काढून टाका, बटण कडक करू नका. बदल झाल्यावर ओल्या ट्रेच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या, आणि माझं ट्रेनिंगचं काम आपोआप संपलं. मग मला पॅनलच्या कामाला घेतलं.

आता कॉमन सेन्सकडे येऊ. आमचे धाकटे दीर कलाभवनचे, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे, मेकॅनिकल इंजिनिअर. ही गोष्ट ऐकून ते म्हणाले, "वहिनी, बझरची ओळ खाली सरकवली, एवढंच ना? ह्यात सायकॉलॉजी कुठे आली? हा तर कॉमन सेन्स." मी म्हटलं, "भाऊजी, मग तो कॉमन सेन्स एवढ्या इंजिनिअरांपैकी एकाला तरी का सुचला नाही?" तर म्हणतात, त्यांनी लक्ष दिलं नसेल. अहो, लक्ष कुठे द्यायचं हे कळणं म्हणजेच तर ते शिक्षण! उत्तर कळल्यावर ते सोपंच वाटतं. 'मला आधीच माहीत होतं' असं वाटायला लावणारी डोक्याची ही खोडसुद्धा आमच्याच विषयात शिकवतात.

घरच्यांशी वाद घालायला तुम्हाला एक भक्कम उदाहरण देते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-17 बॉम्बर विमानं सुखरूप उतरायची आणि मग धावपट्टीवरच पोटावर बसायची. पायलटला फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) आत घ्यायचे असायचे आणि तो चाकं आत घ्यायचा. निष्कर्ष ठरलेला: पायलटची चूक. 1943 मध्ये अल्फॉन्स चपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये बघितलं तर दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि हाताला अगदी सारखे. सी-47 या मालवाहू विमानात त्यांची रचना वेगळी होती, तिथले पायलट अशी चूक करत नव्हते. त्याने चाकांच्या खटक्यावर छोटं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा. न बघता, नुसत्या हाताला कळेल असं. आजही विमानात चाकांचा खटका चाकाच्या आकाराचा असतो. ती विमानं बनवणाऱ्यांकडे कॉमन सेन्स कमी होता का? हे मी दिरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "युद्धाची गोष्ट वेगळी." मग मी डॉन नॉर्मन काढला. या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नाव, आधी एमआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला आणि नंतर मानसशास्त्रात पीएच.डी. केली. इंजिनिअरिंग पुरेसं वाटलं असतं तर तो कशाला आमच्या दारात आला असता? यावर दिरांनी आमटी मागितली.

कोर्सचं विचारलंत. अहमदाबादची एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) आणि मुंबई आयआयटीचं आयडीसी (तिथला डिझाइनचा विभाग) ही मोठी दारं. आयआयटींच्या एम.डेस.साठी (डिझाइनमधली मास्टर्स) सीईईडी ही प्रवेश परीक्षा असते, प्रत्येक संस्थेची पात्रता वेगळी, ती नीट वाचा. ऑनलाइन सर्टिफिकेटांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तुमच्याकडे जे आहे ते आधी ओळखा. फ्रॉइड बाजूला ठेवा, प्रॅक्टिकलची जर्नल काढा. एका वेळी एकच गोष्ट बदलून काय होतं ते बघणं, आपल्याला हवं ते उत्तर समोरच्याच्या तोंडून न काढणं, ही शिस्त डिझाइनवाल्या पोरांकडे नसते. "आवडलं का?" हा प्रश्न कधी विचारू नका, आपल्याकडे लोक पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणतात. काम द्या आणि गप्प बसा. पोर्टफोलिओसाठी ॲपची काल्पनिक रीडिझाइनं करण्यापेक्षा रावपुऱ्यातल्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात दुपारभर उभे राहा आणि मशीनपाशी कोण कुठे अडतं ते लिहून काढा. वापरसुलभतेचा अभ्यासक जेकब नील्सन याने 2000 मध्ये लिहिलं की पाच जणांवर चाचणी घेतली तरी बहुतेक दोष सापडतात, ते खरं आहे, पण पाच एकाच प्रकारचे हवेत. पाच आया आणि पाच डॉक्टर या दोन वेगळ्या चाचण्या.

हेही सांगायला हवं की हीच विद्या लोकांना गंडवायलाही वापरतात. 'फक्त दोनच उरले' अशी खोटी घाई, गपचूप कार्टमध्ये सरकवलेला विमा. आपल्याकडे 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्राने अशा 13 प्रकारच्या डार्क पॅटर्नविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. मुलाखतीला जाल तिथे 'कन्व्हर्जन वाढवणं' (नुसतं बघणाऱ्याला विकत घ्यायला लावणं) हेच काम असेल, तर नेमकं काय करून वाढवायचंय ते विचारून घ्या. नोकरीची गरज असेल तर घ्याही, मी कोण सांगणारी. आणि माझा सगळा अनुभव बटणं-दिव्यांच्या मशीनचा, हे ध्यानात असू द्या. ॲपमध्ये दर आठवड्याला बदल करता येतो, आमच्याकडे विकलेलं मशीन वर्षानुवर्षं तसंच चालतं.

उलट्या मोजणीने सगळं सुटलं असंही नाही. मधेच लाइट गेली आणि तापमान खाली आलं, तर वेळ पहिल्यापासून मोजावी लागते, कारण वाफ सलग धरलेली असावी लागते. डिस्प्लेवर चार मिनिटं उरलेली असतात आणि लाइट आल्यावर पुन्हा पंधरा दिसतात. बेन म्हणतात मशीन मिनिटं खातं, आणि वैतागून स्टॉप दाबतात. 'पुन्हा सुरुवात' असा वेगळा दिवा लावून बघितला, त्याचा अर्थ कोणी 'बिघाड' असा घेतला तर कोणी घेतलाच नाही. मुलाखतीसाठी एखादा खरा प्रश्न हवा असेल तर हाच घ्या, आणि काही सुचलं तर मलाही कळवा.