‘बोअर’ या शब्दावर थांबू नकोस

प्रिय मित्रा,

2016च्या उन्हाळ्यातल्या चांगल्या-वाईट सिनेमांची तुझी यादी वाचली. ‘सैराट’ पहिला, यावर माझा वाद नाही. पण कारण म्हणून त्याची कमाई दिली आहेस, ते खोडून टाक. गल्ल्याचा हिशेब वितरक ठेवतो. पडद्यावर काय दिसलं ते तू सांग.

शेवट पुन्हा बघ. शेजारणीसोबत गेलेलं आर्ची-परशाचं लेकरू घरी येतं, आत आई-बापांना मारून टाकलेलं पाहतं आणि रडत बाहेर पडतं. त्याच्या इवल्या पावलांचे रक्ताळलेले ठसे मागे उमटत जातात. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी तिथे आवाजच काढून टाकलाय. मी पाहायला गेलो तेव्हा अजय-अतुलच्या गाण्यावर अख्खी पुढची रांग पडद्यासमोर नाचत होती. तीच पोरं दिवे लागल्यावरही जागची हलेनात. ही शांतता तीन तासांत कशी घडवत आणली, यावर सविस्तर लिही. हैदराबादचा भाग रेंगाळतो, असं तू म्हणतोस. पहिल्यांदा मीही तेच म्हणालो होतो. दुसऱ्यांदा पाहताना परशाचं डोशाच्या गाडीवर राबणं, आर्चीचं कारखान्यात कामाला लागणं, दोघांची भांडणं, सगळं अंगावर आलं. तो संसार एवढा सावकाश उभा राहिला नसता, तर शेवटचा घाव इतका खोल गेलाच नसता.

‘फॅन’ला मात्र तू सरसकट वाईटांत ढकललंस, हा अन्याय आहे. दिल्लीत सायबर कॅफे चालवणारा गौरव साकारताना शाहरुख खानने चाल बदलली, बोलणं बदललं. एवढ्या मोठ्या नटाचा सिनेमा, तोही ऐन सुट्टीत, आणि आत एकही गाणं नाही! मध्यंतरानंतर पाठलाग सुरू होतात आणि गौरव हातातून निसटतो. घसरण नेमकी कुठे सुरू झाली, तो प्रसंग दाखव.

क्रिकेटपटू अझरुद्दीनवरचा ‘अझर’ फसला, हे मलाही मान्य. पण ‘बोअर’ एवढ्यावर भागवू नकोस. सामना निश्चितीच्या आरोपाची गोष्ट सांगायची आणि नायकाबद्दल प्रेक्षकाला खरी शंका येऊच द्यायची नाही, मग कोर्टातल्या प्रसंगांत ताण येणार कुठून? हे लिहिलंस तर ज्याला तो सिनेमा आवडला, तोही तुझं म्हणणं ऐकून घेईल.

‘द जंगल बुक’ तू अजून पाहिलेला नाहीस, असं परवा बोलताना म्हणालास. तरी तो यादीत आहे. आधी बघ, मग ठेवायचा की नाही ते ठरव. दुसरा खर्डा झाला की पाठव. ‘सैराट’वरचा मजकूर मी सगळ्यात आधी वाचणार आहे.

तुझा,
काका