पिवळ्या वायरीतून प्रोग्रेसिव्ह चित्र येत नाही

प्रश्न : जुना डीव्हीडी प्लेअर पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या वायरींनी नव्या एलईडी टीव्हीला जोडला आहे. आमच्या लग्नाची डीव्हीडी लावली की हलणाऱ्या हाताच्या कडांवर कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. सेटिंगमध्ये ‘प्रोग्रेसिव्ह’ निवडले, तर चित्रच गेले. काय चुकले?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चित्र गेले ते वायरीमुळे. पिवळ्या कंपोझिट वायरीतून केवळ इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन भागांत येणारे चित्र जाते. प्रोग्रेसिव्हसाठी, म्हणजे चित्राच्या सगळ्या ओळी एकदम येण्यासाठी, हिरव्या, निळ्या व लाल अशा तीन कंपोनंट वायरी किंवा एचडीएमआय लागते. टीव्हीला यांपैकी काय जोडता येते, ते आधी मागच्या बाजूला पाहून घ्यावे. कंपोनंटची लाल वायर चित्राची आणि पांढरीच्या जोडीची लाल वायर आवाजाची असते. या दोन लाल वायरींची अदलाबदल झाली की नवरा-नवरी हिरवट दिसू लागतात, आणि दोष बिचाऱ्या डिस्कला दिला जातो.

आता रेषांविषयी. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत ५७६ ओळींचे चित्र एकदम येत नाही. एकाआड एक अशा २८८ ओळी आधी येतात आणि उरलेल्या २८८ त्यानंतर १/५० सेकंदाने. लग्नाच्या व्हिडिओ कॅमेऱ्याने हे दोन भाग सहसा खरोखरच वेगवेगळ्या क्षणी टिपलेले असतात, त्यामुळे अक्षता टाकणारा हात दुसऱ्या भागात किंचित पुढे सरकलेला असतो आणि दोन्ही भाग नुसते एकमेकांत गुंफले की कंगवा उमटतो. चित्रपटाच्या डिस्कवर मात्र फिल्मची एकच चौकट दोन भागांत विभागलेली असते. ते भाग नीट जोडले की मूळ चौकट परत मिळते. म्हणून प्रोग्रेसिव्हचा खरा लाभ चित्रपट पाहताना होतो. ओळी तेव्हाही ५७६च राहतात.

एलईडी टीव्ही पडद्यावर नेहमी प्रोग्रेसिव्ह चित्रच दाखवतो, त्यामुळे दोन भागांची ही जोडणी प्लेअरने केली नाही तर टीव्ही करतो. माझ्या मते लग्नाच्या डिस्कसाठी कंपोनंट वायरी वापराव्यात, पण प्लेअर इंटरलेस्डवरच ठेवावा, कारण हे काम आजचा टीव्ही जुन्या स्वस्त प्लेअरपेक्षा बहुधा चांगले करतो. चित्रपटासाठी दोन्ही पर्याय लावून, कॅमेरा जिन्यावरून किंवा गजांवरून सावकाश फिरतो अशा दृश्यात तुलना करावी.

डिस्क बनवतानाच रेषा चित्रात मुरल्या असतील, तर कोणत्याही सेटिंगने त्या जाणार नाहीत. अशा वेळी छायाचित्रकाराकडे मूळ कॅसेट शिल्लक आहे का, याची चौकशी करावी.