वाचकांचे प्रश्न: विज्ञानकथा, पैसे न मोजता

प्रश्न: इंग्रजी विज्ञानकथा, भयकथा वाचायच्या आहेत. जिथं जावं तिथं 'सात दिवस मोफत' म्हणतात आणि आधी कार्डाचा नंबर मागतात. माझं इंग्रजी बेताचं आहे. (विद्यार्थिनी, अंबाजोगाई)

उत्तर: कार्ड किंवा ऑटोपे मागितलं की माघारी फिरा, मुदत सरली की पैसे आपोआप कटतात. या प्रकारातली नावाजलेली नियतकालिकंच आपल्या संकेतस्थळावर कथा खुल्या ठेवतात, लॉगिनसुद्धा लागत नाही. 'स्ट्रेंज होरायझन्स' २००० पासून, 'क्लार्क्सवर्ल्ड' २००६ पासून, 'लाइटस्पीड' २०१० पासून, 'अनकॅनी' २०१४ पासून. जादूच्या, वेगळ्याच दुनियेतल्या अद्भुतकथा हव्या असतील तर 'बिनीथ सीसलेस स्काइज'. यांचा खर्च बराचसा वर्गणी-देणगीवर भागतो. 'अनकॅनी' आणि 'लाइटस्पीड' अख्खा अंक आधी विकतात आणि कथा वेबवर टप्प्याटप्प्यानं सोडतात. ताज्या अंकातली एखादी कथा उघडली नाही तर थोडं थांबा, तिची पाळी यायची असते.

'क्लार्क्सवर्ल्ड'वर कथेसोबत शब्दसंख्या दिलेली असते. सुरुवातीला तीन हजारांच्या आतलीच निवडा. 'फ्लॅश फिक्शन ऑनलाइन'वर तर हजार शब्दांच्या आतल्या कथा मिळतात. पहिल्याच परिच्छेदात अनोळखी शब्द आला की शब्दकोशाकडं धावू नका. निम्म्या वेळा तो लेखकानंच घडवलेला असतो, कुठल्याच कोशात सापडणार नाही. दोन पानांत तो आपोआप उलगडतो. 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावर जुन्या विज्ञानकथांचा मोठा साठा आहे खरा, पण इंग्रज विज्ञानकथालेखक एच. जी. वेल्सच्या काळातली लांबलचक वाक्यं बेताच्या इंग्रजीला जड जातात. तिकडं नंतर वळा.

प्रश्न: हिंगोली-वसमत रोज एसटीनं जाणं-येणं. गोष्टी ऐकाव्यात म्हटलं तर मधे रेंज जाते आणि आवाज तुटतो. दीड जीबीत भागेल का? (नोकरदार, हिंगोली)

उत्तर: आरामात भागेल. ध्वनिफीत व्हिडिओसारखी डेटा खात नाही. ६४ केबीपीएसची (हे ध्वनीच्या दर्जाचं माप) फाइल तासाला साधारण २९ एमबी, १२८ची त्याच्या दुप्पट. यूट्यूबवर तीच कथा ऐकली तर चित्राचाही डेटा फुकट जातो.

आवाज तुटतो, कारण तुम्ही कथा उतरवून न घेता थेट चालवता. प्ले स्टोअरवरून 'अँटेनापॉड' हे पॉडकास्ट (भागाभागानं येणारे ध्वनी-कार्यक्रम) ऐकायचं ॲप घ्या. ते मोफत आहे, जाहिराती नाहीत. त्यात पॉडकास्ट जोडायच्या जागी जाऊन नाव शोधा: विज्ञानकथांसाठी 'एस्केप पॉड', भयकथांसाठी 'सूडोपॉड', अद्भुतकथांसाठी 'पॉडकॅसल'. तिन्ही एकाच घरातली आहेत. सबस्क्राइब करा (पैसे लागत नाहीत) आणि रात्री घरी असतानाच डाउनलोडचं चिन्ह दाबून दोन-तीन भाग उतरवून घ्या. आपोआप डाउनलोड लावूनही सकाळी काहीच उतरलेलं नसेल, तर फोनच्या बॅटरी सेव्हरनं ॲप झोपवलेलं असतं. सेटिंगमध्ये ॲपच्या बॅटरी पर्यायात जाऊन त्यावरचं बंधन काढा.

इंग्रजी कथा तासाला सुमारे नऊ हजार शब्द या वेगानं वाचली जाते. म्हणजे चार हजार शब्दांची कथा पंचवीस-तीस मिनिटांत होते. सुरुवातीला निवेदकाची प्रस्तावना असते, ती कंटाळवाणी वाटली तर पुढं सरकवा. उच्चार कळत नसतील तर वेग ०.८ करा. 'एस्केप पॉड' बहुतेक कथांचा मजकूरही साइटवर देतं. तो समोर ठेवून ऐकलं की कान लवकर बसतो. फक्त हलत्या गाडीत डोळ्यांना त्रास नको.

प्रश्न: वडलांची नजर अधू झाली. मराठी कथांची पीडीएफ फोनकडून वाचून घ्यायला गेलो तर तो भलतंच बरळतो. (वाचक, उदगीर)

उत्तर: आधी पीडीएफमधल्या एका शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडलाच जात नसेल तर ते पान म्हणजे नुसता फोटो आहे. निवडला गेला, पण दुसरीकडं चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे आकार बसवलेले असत; डोळ्याला मराठी दिसतं, फोनला मात्र इंग्रजीच. अशा फाइलवर वेळ घालवू नका. युनिकोडमधला, म्हणजे फोनलाही मराठी म्हणूनच कळणारा मजकूर शोधा, वेबपान किंवा ईपब (ई-पुस्तकाची फाइल). मग सेटिंग, ॲक्सेसिबिलिटी, टेक्स्ट-टू-स्पीच या वाटेनं जाऊन मराठी आवाज उतरवून घ्या आणि वेग थोडा कमी ठेवा. भावना त्या आवाजात नसते, संवाद कोणाचा ते कळत नाही, हे वडलांना आधीच सांगा.

मराठीत रीतसर फुकट मिळणारं भांडार तोकडंच आहे. 'ई-साहित्य प्रतिष्ठान'ची ई-पुस्तकं चाळा. घरात लहान मुलं असतील तर प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी आहेत.

प्रश्न: नारळीकरांच्या कथांची पीडीएफ ग्रुपवर आली आहे. ती पुढं पाठवावी का? आणि 'एस्केप पॉड'ची एखादी कथा मराठीत करून शाळेच्या चॅनेलवर टाकली तर चालेल का? (शिक्षक, परभणी)

उत्तर: दोन्ही नको. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं लेखनावरचा हक्क (कॉपीराइट) राहतो. नारळीकर २०२५ मध्ये गेले; त्यांच्या कथा २०८५ संपेपर्यंत हक्कातच आहेत. 'एस्केप पॉड'चे भाग जसेच्या तसे, श्रेय देऊन, विनामोबदला वाटता येतात. पण बदल करायला मनाई आहे आणि भाषांतर हा बदलच. चॅनेलसाठी 'स्टोरीवीव्हर'च्या गोष्टी घ्या. त्यांचा परवाना भाषांतराला मुभा देतो, लेखक-चित्रकारांची नावं तेवढी द्यायची. मोठ्या मुलांसाठी वेल्सच्या कथा करा. ते १९४६ मध्ये गेले, म्हणजे २००७ पासून आपल्याकडं त्या मोकळ्या आहेत. भाषांतर मात्र स्वतः करा. बाजारातलं तयार भाषांतर वाचून दाखवलं तर त्या भाषांतरकाराचा हक्क आड येतो.