दुसरीतला मुलगा रोज शाळेच्या वेळी पोट दुखतंय म्हणतो, रविवारी मात्र ठणठणीत असतो. हे नाटक समजावं का?

नाही. भीतीने किंवा ताणाने लहान मुलांचं पोट खरोखर दुखतं. आधी एकदा डॉक्टरांना दाखवा. त्यांनी काही नाही म्हटलं, तर कारण वर्गात शोधा.

'शाळेत काय झालं?' असं विचारलं की उत्तर 'काही नाही' असंच येतं. त्याऐवजी 'आज डबा कोणासोबत खाल्लास?', 'कोणता तास नको वाटतो?' असं विचारा. आणि एक गोष्ट आवर्जून विचारा: शाळेतल्या शौचालयात जातोस का? घाण असते, कडी लागत नाही किंवा बाईंना विचारायची लाज वाटते, म्हणून कितीतरी मुलं दिवसभर लघवी-संडास दाबून ठेवतात, पाणीही पीत नाहीत. मग बद्धकोष्ठता होते आणि पोट दुखतं. पालकांच्या हे लक्षातच येत नाही. फळ्यावरचं उतरवून घ्यायला वेळ लागत असेल तर डोळेही तपासा.

वर्गशिक्षकांशी बोलताना तक्रारीचा सूर नको. त्यांना वर्गात काय दिसतं ते आधी ऐका. मात्र मारणं किंवा सगळ्यांसमोर अपमान होत असेल तर गप्प बसू नका. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. मुख्याध्यापकांकडे लेखी द्या, पोच घ्या.

तोवर सकाळी पंधरा मिनिटं लवकर उठवा. घाईघाईत ओरडून शाळेत सोडलेलं मूल वर्गात आधीच रडवेलं होऊन बसतं.