काही घडलंच नाही, तर लिहायचं काय आणि फोटो कशाचा काढायचा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय तेवीस, गुहागरला वडिलांचं किराणा दुकान, कॉलेज संपल्यापासून तुम्ही तिथेच बसता. लिहायची हौस आहे, मोबाइलवर फोटोही बरे येतात. पण “माझ्या आयुष्यात काही घडलेलंच नाही, मग माझ्या कामाला वजन कुठून येणार? लेखकाला आणि फोटोग्राफरला अनुभव लागतोच का?” असं तुम्ही विचारलंय.

लागतो. फक्त तुम्ही अनुभव म्हणजे काहीतरी मोठं घडणं असं धरून चाललाय, तिथे माझं तुमच्याशी पटत नाही.

मी दापोलीत फोटो स्टुडिओ चालवतो. बावीस वर्षं झाली. लग्न, मुंज, बारसं, पासपोर्ट साइज, शाळेचे ग्रुप फोटो. अधूनमधून लिहितो, त्यातलं थोडंफार छापून आलंय. कलावंत वगैरे कुणी म्हणत नाही, आणि म्हटलं तर मीच दचकेन. पोटासाठी फोटो काढणाऱ्या माणसाचं उत्तर म्हणून हे वाचा.

आमच्या धंद्यात एक गिऱ्हाईक असं असतं की त्याच्याशी पैशाचं बोलवत नाही. ते येतं, शर्टाच्या खिशातून आधार कार्ड काढतं आणि म्हणतं, “यातला मोठा करून मिळेल का? परवा दहावा आहे.” आधार कार्डावरचा फोटो नखाएवढा, त्यातही माणूस भिंतीला उभा करून गोळी घालायची असावी तसा बघत असतो. नाहीतर कुणी लग्नातला ग्रुप फोटो आणतं. मागच्या रांगेत, कुणाच्या तरी फेट्याआड, अर्धा चेहरा. तो कापायचा, उजळायचा, मागे निळा पडदा टाकायचा, खांद्यावर दुसऱ्या कुणाचा पंजा राहिलेला असतो तो पुसायचा. एकदा एक मुलगा शेजारी बसून स्क्रीनवर बघत होता. पंजा पुसायला घेतला तर म्हणाला, “तो राहू द्या, दादा. माझाच आहे.”

सुरुवातीची वर्षं हे काम मी निव्वळ काम म्हणून केलं. मग २००९ साली माझी आजी गेली आणि दहाव्याच्या आदल्या दिवशी मीच माझ्या दुकानात गिऱ्हाईक होऊन बसलो. फोटोग्राफरच्या घरात आजीचा धड एक फोटो नव्हता. होता तो मतदार ओळखपत्रावरचा, त्यात ती ओळखूसुद्धा येत नव्हती. मी त्या वर्षापर्यंत शंभरावर तरी लग्नं केली होती. प्रत्येक लग्नात नवरीच्या मेंदीचे वीस वीस फोटो.

तेव्हापासून कुठल्याही लग्नात पंगती उठल्या की मी मांडवाच्या कडेला जातो. तिथे खुर्च्या टाकून म्हातारी माणसं बसलेली असतात, त्यांच्याकडे त्या दिवशी कुणाला बघायला वेळ नसतो. मी एकेकाचा एकट्याचा फोटो काढतो. बिलात लावत नाही. गावावार फोल्डर करून ठेवलेत. “माजा कशाला काडतोस? नवरीचा काड,” असं बहुतेक आज्या म्हणतात आणि म्हणता म्हणता पदर सारखा करतात. कशासाठी काढतोय हे मी सांगत नाही. त्यांना कळतं. एका आजोबांनी आधी टोपी सरळ केली, मग मला म्हणाले, “नीट काढ रे, हाच लावणारेत.”

आता लोक मला विचारतात, तुमचे म्हाताऱ्या माणसांचे फोटो वेगळे का येतात, लेन्स कुठली? लेन्स तीच, ५० एमएमची, कडा झिजलेली. फरक पडलाय तो एवढाच की मी उकिडवा बसतो, ‘हसा’ म्हणत नाही, आणि माणूस कॅमेरा विसरेपर्यंत थांबतो. हे कुठल्या शिबिरात शिकलो नाही. आधार कार्डांनी शिकवलं. याचा तोटाही आहे, तोही सांगून टाकतो. एका मुलाच्या वडिलांनी अल्बम चाळला आणि विचारलं, “हा लग्नाचा आहे की ज्येष्ठ नागरिक संघाचा?”

आता हर्णै बंदराचं एक सांगतो. संध्याकाळी तिथे मासळीचा लिलाव होतो. होड्या जरा आत उभ्या राहतात, मासळी बैलगाड्यांतून काठावर येते. फोटो काढणाऱ्याला तिथे काय कमी? मावळतीचा सूर्य, पाण्यातले बैल, चकाकणारी सुरमई. मीही ते सगळे फोटो काढलेत, तुम्हीही काढाल, पर्यटक तर रोज काढतात. माझा एक मित्र मात्र काही वर्षं होडीवर खलाशी होता. त्याने साध्या मोबाइलवर काढलेला एक फोटो मला दाखवला. त्यात मासळी नव्हतीच. टोपल्या पुढ्यात घेऊन बायका बसलेल्या आणि सगळ्या समुद्राकडे बघतायत. मी म्हटलं, यात आहे काय? तर म्हणाला, “मागनं किती होड्या येतायत ते मोजतायत. त्यावर आजचा भाव.” मी पंधरा वर्षं त्या बंदरावर जात होतो. त्या बायका मासळीकडे बघत नसतात हे माझ्या डोळ्यांनी एकदाही टिपलं नव्हतं.

तरी घडणारं मोठं काहीतरी लागतं असं तुम्हाला वाटतच असेल, तर माझ्या आयुष्यात तेही घडलंय.

आमचं घर आंजर्ल्याला. आगरातली वाडी अकरा गुंठ्यांची. दीडशेच्या आसपास पोफळी (सुपारीची झाडं), एकोणीस माड, जायफळाची तीन झाडं, पोफळींवर चढवलेल्या मिरीच्या वेली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं आणि आमच्या किनाऱ्यालाही झोडपून गेलं. संध्याकाळी दार उघडून बाहेर आलो तर घराच्या मागून समुद्र दिसत होता. माझ्या उभ्या आयुष्यात घरामागून समुद्र दिसला नव्हता, मध्ये वाडी होती. पोफळी उरल्या एकतीस.

वीज गेली ती महिनाभर आली नाही. कॅमेऱ्याची बॅटरी मी लांबच्या एका जनरेटरवर चार्ज करून आणायचो, कारण पंचनाम्याला फोटो हवे होते. पंचनाम्याला आलेल्या माणसाने सांगितलं की झाडाबरोबर मालकही दिसू दे. मग बाबा पुढे आणि मी मागे. पडलेल्या प्रत्येक खोडावर त्यांनी चुन्याचा ठिपका द्यायचा, शेजारी उभं राहायचं, मी फोटो काढायचा, पुढच्या झाडाकडे. आभाळ भरलेलं, उजेड मेलेला. बाबा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे. प्रत्येक खोडापाशी पुटपुटायचे, ही आजोबांच्या हातची, ही तुझ्या मुंजीच्या वर्षीची. नुकसानभरपाई हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर झाली तेव्हा त्यांनी बोटांवर हिशेब केला, “म्हणजे गुंठ्याला पाचशे,” आणि चहा मागितला. किनाऱ्यावर वाड्या गुंठ्यांत मोजतात, हेक्टरात कुणाची असते?

ते शंभराच्या वरचे फोटो मी आजही अधूनमधून उघडतो. त्याच वाडीचे वादळाआधी मी काढलेले फोटो, झापांतून येणारी उन्हाची तिरीप वगैरे, लोकांना फार आवडायचे. पंचनाम्याच्या फोटोंत ना प्रकाश, ना रचना. एकच माणूस, एकच उभं राहणं, शंभर वेळा. माझ्या हातून याहून चांगलं काम झालेलं नाही.

पण लिहिण्याचं काय झालं ते ऐका. वादळानंतर महिन्याभरातच मी एका दिवाळी अंकासाठी लेख लिहून काढला. त्यात निसर्गाचा कोप होता, उद्ध्वस्त संसार होते, काळजाचा ठोका चुकणं होतं. संपादकांनी परत पाठवला. वर लिहिलं होतं, “यात वादळ आहे, वाडी दिसत नाही.” मला संताप आला. माझी वाडी गेली आणि हा गृहस्थ मला वाडी दिसत नाही म्हणतो!

पुढची दोन वर्षं मी दर रविवारी आंजर्ल्याला जाऊन बाबांबरोबर शिंपणं केलं. खड्डे काढले, आळी केली. तेव्हा कुठे कळलं की नुसती झाडं गेली नव्हती, सावली गेली होती. कोवळ्या पोफळीला थेट ऊन सोसत नाही, म्हणून आधी केळी लावायच्या, त्यांच्या सावलीत पोफळीचं रोप धरायचं. जायफळाचं एक झाड वादळातून वाचलं होतं. ते नंतर उन्हाने वाळलं. पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात. हा हिशेब बाबांना माझ्याहून चांगला येत होता, तरी ते रोपं लावत होते आणि दोन रोपांतलं अंतर पावलांनी मोजत होते. मी त्या पावलांवर लिहिलं. वादळ हा शब्द अख्ख्या लेखात एकदा आला. तो लेख छापला गेला. म्हणजे वादळाने मला लेख दिला नाही, पाण्याच्या बादल्यांनी दिला. आणि बादल्या उचलायला काही घडावं लागत नाही, रविवार असला की झालं.

आमच्या शेजारचं गाव मुर्डी, कादंबरीकार श्री. ना. पेंडशांचं जन्मगाव. ते लहानपणीच मुंबईला गेले, नोकरी केली बेस्टमध्ये. तिथे बसून त्यांनी आयुष्यभर हा दापोली-खेडचा मुलूख लिहिला. ‘तुंबाडचे खोत’ हे दोन खंड १९८७ साली आले, तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. इथे जन्मभर राहिलेल्या, पेंडशांपेक्षा दसपट जास्त गोष्टी पाहिलेल्या माणसांनी एक ओळ लिहिली नाही. माझ्या बाबांनीसुद्धा. त्यामुळे अनुभव असला की लिखाण होतंच, हेही खरं नाही. कधीकधी तो उचलून लांब न्यावा लागतो आणि तिथे पुष्कळ दिवस मुरू द्यावा लागतो. लोणच्यासारखा म्हणणार होतो, पण कोकणातल्या माणसाने प्रत्येक गोष्टीची तुलना लोणच्याशी करू नये.

फोटोग्राफीत मला जवळची वाटते ती डोरोथिया लँग, कारण तीही आधी माझ्यासारखी स्टुडिओवालीच. सॅन फ्रान्सिस्कोत पैसेवाल्यांचे फोटो काढायची. सातव्या वर्षी पोलिओ झालेला, एक पाय कायमचा लंगडा. १९२९ नंतर मंदी आली आणि तिच्या खिडकीखालच्या रस्त्यावर बेकार माणसं दिसू लागली, तेव्हा ती कॅमेरा घेऊन खाली उतरली. १९३६ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी तिला रस्त्यात दिसली. महिनाभराचं काम आटोपून ती घरी निघाली होती. ती पुढे गेली, वीस मैल गेली, आणि तिथून गाडी मागे वळवली. मग काढला तो मुलं बिलगलेल्या आईचा फोटो, जगभर गेलेला. लंगड्या पायाने आपल्याला घडवलं असं तीच सांगायची. मला वाटतं, आपल्याकडे कुणी टक लावून बघितलं की कसं वाटतं हे तिला ठाऊक होतं, आणि अशा माणसाला दुसऱ्याकडे कसं बघायचं हे वेगळं शिकवावं लागत नाही. त्या आईला मात्र फोटोतून एक पैसाही मिळाला नाही आणि पुढे तिने तो सल बोलूनही दाखवला. आपण दुसऱ्याचा अनुभव उचलतो तेव्हा ही बाजूही लक्षात असू द्या.

आणि तुमच्या दुकानासारख्या बैठ्या कामाचं उदाहरण हवं असेल, तर फोटोग्राफर साल्गादो. ब्राझीलचा, शिकलेला अर्थशास्त्र, नोकरी आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत. पुढे त्याने सोन्याच्या खाणीत चिखलाने माखून शिड्या चढणाऱ्या हजारो मजुरांचे फोटो काढले. ते बघताना मला सारखं वाटतं, या माणसाने मजुरी आधी कागदावर मोजलेली आहे.

आता तुमचं दुकान. खरं सांगायचं तर मला तुमचा हेवा वाटतो. सकाळी सातला कोण येतं आणि काय सुटं मागतं? महिनाअखेरीला तेलाची पिशवी जाऊन पाव किलो तेल कुणाकडे सुरू होतं? पावसाआधी मीठ-मिरचीची बेगमी कोण करतं, गणपतीला मुंबईकर आले की कुठला माल पुढे मांडता? उधारीच्या वहीत अशी किती नावं आहेत की जी तुमचे बाबा खोडतही नाहीत आणि मागतही नाहीत? त्यातल्या एका नावाबद्दल बाबांना विचारा, आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. फोटो काढायचा तर गिऱ्हाइकाचा नको, वहीवर टेकलेल्या बाबांच्या हाताचा काढा. दुपारचा, दारातून उजेड आत येतो तेव्हाचा. फ्लॅश नको.

दिवाळीनंतर एका लग्नासाठी दाभोळहून धोपाव्याची फेरीबोट धरून तुमच्याकडे येणार आहे. दुकान दुपारी किती वाजेपर्यंत बंद असतं तेवढं कळवा, वही बघायला येईन.