वाचकांचे प्रश्न : वसाहतकाळातली अमेरिका आणि राखेची कामं

या वेळच्या पत्रांपैकी चार पत्रं जुन्या अमेरिकेतल्या कामांबद्दल आहेत आणि चौघांचंही घोडं राखेपाशीच अडलंय. म्हणून उत्तरं एकत्र देत आहोत.

प्रश्न : इरोक्वा या उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या पद्धतीने राखेच्या पाण्यात मका उकळला. दोन तासांनीही साल सुटेना. पुढच्या वेळी राख दुप्पट घातली, तर दाण्यांचा लगदा झाला आणि साबणासारखी चव आली.

उत्तर : पहिल्या खेपेला राख कमजोर होती, दुसऱ्या खेपेला मका वेळेत उतरवला गेला नाही. ओक, मॅपल, हिकरी अशा कठीण लाकडाची, पूर्ण जळून पांढरट झालेली राख हवी. पाइनची राख सौम्य पडते, आणि पावसात भिजलेल्या राखेतला खार आधीच वाहून गेलेला असतो.

एक किलो वाळलेल्या मक्याला चाळलेली राख दोन कप आणि पाणी चार लिटर, इथून सुरुवात करा. आधी नुसती राख दहा मिनिटं उकळा. थेंबभर पाणी निववून दोन बोटांत चोळा आणि लगेच हात धुवा. बुळबुळीत लागलं तरच मका घाला, नाहीतर राख वाढवा. थोड्या वेळात दाणे गडद पिवळे, जवळजवळ नारिंगी होतात. अर्ध्या तासानंतर दर पाच-दहा मिनिटांनी एक दाणा काढायचा, गार पाण्यात धुवायचा आणि चिमटीत दाबायचा. साल सरकली आणि टोकाचा काळा ठिपका सुटू लागला, की त्याच क्षणी उतरवा. इथे ‘आणखी थोडं शिजू दे’ म्हणालात की लगदा झालाच.

पुढचं काम धुण्याचं, आणि कंटाळा नेमका इथेच केला जातो. इरोक्वा बायका यासाठी विरळ विणीच्या तळाची वेगळी टोपली वापरत; त्यात दाणे घालून पाण्यात घुसळले की सालं निघून जातात. चार-पाच पाणी बदला, बुळबुळीतपणा पार गेला पाहिजे. मग स्वच्छ पाण्यात दोन-तीन तास शिजवा. भांडं लोखंडी किंवा स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमला हा खार खातो आणि मकाही काळपट पडतो.

हा सगळा खटाटोप फक्त सालीसाठी नव्हता. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेल्या रूपात असतं, शरीराला ते फारसं मिळत नाही. खारामुळे ते मोकळं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडे, राखेची प्रक्रिया न करता दळलेल्या मक्यावरच मुख्यतः पोट भरणाऱ्या गरिबांत पेलाग्राची, म्हणजे नायसिन कमी पडून होणाऱ्या रोगाची, साथ असल्यासारखं वाटत होतं. तो संसर्ग नसून आहारातल्या उणिवेचा रोग आहे, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून केलेल्या कामातून दाखवून दिलं.

प्रश्न : जुन्या कृतीप्रमाणे ‘पर्लॅश’ घालून आल्याचा केक केला. फुगला बेताचाच, आणि लोणी भरपूर असूनही चव साबणाची.

उत्तर : लोणी भरपूर होतं म्हणूनच! पर्लॅश म्हणजे राखेतून काढलेलं पोटॅशियम कार्बोनेट. त्याला आंबट काही मिळालं नाही तर वायू पुरेसा सुटत नाही, आणि उरलेला खार लोण्याशी मिळून खरोखरच साबण करतो. पाव किलो मैद्याला अर्ध्या चमच्याच्या आतच घ्या, सोबत कपभर आंबट दूध किंवा काकवी हवीच. पर्लॅश चमचाभर पाण्यात विरघळवून सर्वांत शेवटी घाला आणि लगेच भट्टीत ठेवा.

१७९६ साली हार्टफर्डला छापलेल्या पाककृतींच्या पुस्तकात पर्लॅश आहे, पण स्वयंपाक हा त्याचा किरकोळ उपयोग. जंगल तोडून शेत काढणारे लोक झाडं जाळत, राखेची निवळी आटवून पोटॅश करत आणि ते विकत. ब्रिटनमध्ये काच, साबण आणि लोकरीच्या धंद्याला ते लागायचं. अमेरिकेचं पहिलं पेटंटसुद्धा यातलंच आहे. राख पाण्यात घालण्याआधी भट्टीत पुन्हा जाळण्याची सॅम्युएल हॉपकिन्स यांची पद्धत, ३१ जुलै १७९०, खाली अध्यक्ष वॉशिंग्टन यांची सही.

प्रश्न : राखेच्या निवळीचा साबण वडीसारखा घट्ट का होत नाही?

उत्तर : व्हायचाच नाही. लाकडाच्या राखेत पोटॅश असतं आणि त्याचा साबण मऊच राहतो. तेव्हाही तो पिंपातून ओगराळ्याने काढून वापरत. वडीच हवी तर शिजलेल्या साबणात मीठ घाला, घट्ट थर वर येईल. निवळीचा जोर पाहायला ताजं अंडं सोडा : वर दिसणारा गोल साधारण दोन सेंटिमीटरचा हवा.

प्रश्न : हरणाचं कातडं मेंदू लावून कमावलं. छान मऊ झालं होतं, एकदा भिजलं आणि फळीसारखं कडक झालं.

उत्तर : धूर दिला नसणार. मेंदूतली स्निग्धता तंतूंना एकमेकांना चिकटू देत नाही, पण पाणी लागलं की तिचा उपयोग संपतो. धुरातली द्रव्यं तंतूंना धरून ठेवतात, म्हणून धुरी दिलेलं कातडं भिजलं तरी थोडं चोळल्यावर पुन्हा मऊ होतं.

आधीच्या पायऱ्याही तपासा. राखेच्या पाण्यात तीन-चार दिवस भिजवून केस आणि वरचा थर खरवडल्यावर वाहत्या पाण्यात रात्रभर धुतलं होतं का? खार राहिला तर मेंदूतल्या चरबीचाही साबण होतो आणि ती आत मुरत नाही. एका कातड्याला एक मेंदू, दोन-तीन लिटर कोमट पाण्यात कालवून. हाताला सोसेल त्याहून गरम पाणी वापरलं तर कातडं आक्रसतं. पिळून काढल्यावर पूर्ण वाळेपर्यंत ओढत राहायचं. गालाला लावून बघा : गार लागलं तर आत ओल आहे, थांबू नका.

धुरीसाठी कातडं पिशवीसारखं शिवा. खाली कुजकं, भुसभुशीत लाकूड धुमसत ठेवा, पण ज्वाळा अजिबात नको. बाहेरच्या अंगाला पिवळसर तपकिरी रंग उतरला की पिशवी उलटी करून दुसरी बाजू धरा.