हायब्रिड गाडीचे जादा पैसे वसूल होतात का, आणि हवेला खरंच फायदा होतो का?

तुम्ही लिहिलंय की सिंहगड रोड ते हिंजवडी जाऊन-येऊन रोजचे ४० किलोमीटर होतात, पेट्रोल गाडी अकरा वर्षांची झालीय आणि हायब्रिडला जादा पैसे घालावेत की नाही ते ठरत नाही. माझाही रस्ता जवळपास तोच, वारज्यावरून भूमकर चौक. स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरची मोटर असलेली आणि अधूनमधून नुसत्या मोटरवरही चालणारी गाडी, घेऊन मला सव्वादोन वर्षं झाली. टाकी फुल केली की लिटर आणि किलोमीटर डायरीत लिहायची सवय वडिलांनी लावली, म्हणून खालचे आकडे पंपावरचे आहेत.

कागदावर माझ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज २८ च्या आसपास आहे. मला मिळतं २२. तरी मी खूश आहे, कारण याच रस्त्यावर आधीची पेट्रोल गाडी १२ द्यायची. महिन्याचे हजार, म्हणजे वर्षाचे १२,००० किलोमीटर धरा. पेट्रोल गाडीला १,००० लिटर लागतील, हायब्रिडला साधारण ५४५. वाचले ४५५ लिटर. १०४ रुपयांच्या भावाने वर्षाला ४७ हजार.

आता जादा पैसे. तुलना मॅन्युअल गाडीशी करू नका. स्ट्राँग हायब्रिड ऑटोमॅटिकच येते, तेव्हा त्याच गाडीच्या ऑटोमॅटिक पेट्रोलशी करा. मला ऑन-रोड फरक सव्वातीन लाखांचा पडला. किंमत वाढली की रोड टॅक्सही वाढतो, महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, हे विसरू नका. म्हणजे वसुलीला सात वर्षं. तुम्ही चार-पाच वर्षांत गाडी विकणारे असाल, तर नुसत्या पेट्रोलच्या हिशोबात हे बसत नाही.

आणि हा हिशोब ट्रॅफिकमधला आहे. भूमकर चौकात संध्याकाळी गाडी दहा-दहा फूट सरकते तेव्हा काट्यांजवळ हिरवं ‘ईव्ही’ पेटलेलं असतं, इंजिन बंद, एसी मात्र चालू. शेजारच्या गाड्या उभ्या जागी पेट्रोल जाळत असतात. ब्रेक दाबला की वेग वाया न जाता बॅटरीत जातो आणि पुढचे दहा फूट त्यावर निघतात. कोल्हापूरला जाताना यातलं काहीच होत नाही. ब्रेक क्वचित लागतो, इंजिन सतत चालतं, मला २१ पडतं आणि साधी पेट्रोल गाडीही १७ देते. तेच १२,००० किलोमीटर हायवेवर काढले तर वर्षाला जेमतेम १३४ लिटर वाचतील, चौदा हजार रुपये. ज्यांचं येणं-जाणं मुख्यतः हायवेवर आहे त्यांना मी हायब्रिड घ्या म्हणणार नाही.

हवेचं म्हणाल तर एक लिटर पेट्रोल जळलं की ढोबळ २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ४५५ लिटर वाचले म्हणजे वर्षाला एक टन. मला हा आकडा पैशाइतकाच मोलाचा वाटतो. पण नवी गाडी बनतानाच काही टन हवेत जातात. तुमची जुनी गाडी धडधाकट असेल, तर फक्त पर्यावरणासाठी ती बदलू नका. त्यापेक्षा ऑफिसमधला एक जण रोज सोबत घ्या. त्याची गाडी घरी राहिली तर हायब्रिडपेक्षा जास्त पेट्रोल आजपासून वाचेल, तेही फुकटात.

इलेक्ट्रिकचाही विचार करा. आपली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे, युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. १०० किलोमीटरला १५ युनिटं लागली तर साडेदहा किलो, आणि माझी गाडी तेवढ्याच अंतराला साडेचार लिटर पेट्रोल पिते, म्हणजे तेही साडेदहा. आज बरोबरी दिसते, पण विजेत सौर आणि वारा वाढतोय, माझ्या इंजिनातलं पेट्रोल मात्र पेट्रोलच राहणार. शिवाय चौकात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाच्या नाकात इलेक्ट्रिकचा धूर जात नाही. तुमच्या सोसायटीत चार्जिंग आणि छतावर सोलर असेल, तर मी इलेक्ट्रिकच घ्या म्हणेन. तिला जीएसटीही ५ टक्के आहे. हायब्रिडला, छोटी गाडी सोडली तर, ४० टक्के. आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये पॉइंट घेऊ देईनात, म्हणून मी हायब्रिडवर आलो.

बॅटरीची भीती मलाही होती. ती जेमतेम पाऊण युनिटची आहे, माझ्या गाडीत तिला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे. खरी अडचण डिकीची. खाली बॅटरी असल्यामुळे दोन मोठ्या बॅगा उभ्या राहत नाहीत, गावी जाताना एक मागच्या सीटवर जाते.

जुनी गाडी खरोखरच काढायची असेल आणि नवी आठ-दहा वर्षं ठेवणार असाल, तर तुमच्या रस्त्यासाठी घ्या. फक्त शोरूममध्ये ‘माइल्ड’ की ‘स्ट्राँग’ ते विचारा. माइल्डमध्ये मोटर इंजिनाला थोडा हातभार लावते, तिच्या जोरावर गाडी एकटी चालत नाही, आणि वरचा एकही आकडा तिला लागू पडत नाही. टेस्ट ड्राइव्ह सकाळी अकराच्या मोकळ्या रस्त्यावर देतील. ती घेऊ नका. संध्याकाळी सहाला मागा, अ‍ॅव्हरेजचा मीटर शून्यावर आणा आणि वाकडच्या गर्दीत अर्धा तास चालवून बघा.